प्रचालकाशी वाजलं, आता काय करू? ठाणे-नवी मुंबईतल्या विकिपीडिया संपादकांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ठाण्यात आणि नवी मुंबईत मराठी विकिपीडियावर लिहिणारी मंडळी अधूनमधून भेटतात. कधी वाचनालयाच्या खोलीत, कधी वाशीच्या एखाद्या कॉलेजच्या संगणक कक्षात. नव्यांना लिहायला शिकवायचं, हा मूळ हेतू. प्रत्यक्षात निम्मा वेळ गाऱ्हाण्यांत जातो: "माझं लिहिलेलं काढलं", "मला अडवलं", "तो प्रचालक माझ्या मागेच लागलाय". प्रश्न तेच ते येतात, म्हणून उत्तरं एका जागी ठेवली आहेत. ही विकिपीडियाची अधिकृत भूमिका नाही. जिथे धोरण आहे तिथे धोरण सांगितलंय. बाकी आमचं मत आहे, आणि ते मत म्हणूनच वाचा.

प्रचालक म्हणजे नेमकं कोण? पगारी माणूस आहे का?

पगार-बिगार काही नाही. तुमच्याआमच्यासारखाच फुकट लिहिणारा सदस्य, ज्याला बाकीच्या सदस्यांनी कौल देऊन चार जादा बटणं दिली आहेत: पान वगळणं, वगळलेलं परत आणणं, पानाला संरक्षण लावणं आणि एखाद्या सदस्याला संपादनापासून अडवणं. अडवलेल्याला मराठी विकिपीडियाच्या जुन्या बोलीत 'तडीपार' म्हणतात. हा शब्द ऐकून नवा माणूस निम्मा गार होतो, पण त्याचा पोलीस ठाण्याशी काही संबंध नाही.

प्रचालकपद बहाल करू शकतो तो प्रशासक. सगळ्या भाषांच्या विकींसाठी मिळून निवडलेले असतात ते स्टुअर्ड. आणि विकिमीडिया फाउंडेशन ही अमेरिकेतली संस्था सर्व्हर चालवते, देणग्या गोळा करते, कायद्याचं बघते. 'मासुंदा तलाव' या लेखात काय लिहावं हे तिथलं कुणी ठरवत नाही.

मग प्रचालकाने माझं संपादन उडवलं तर त्याचाच शब्द शेवटचा का?

शेवटचा नाहीच. या पानावरचं एकच उत्तर वाचायचं असेल तर हे वाचा.

प्रचालकाकडे दोन टोप्या असतात. लेखातलं वाक्य बरोबर की चूक, संदर्भ पुरेसा की अपुरा, हे बोलताना तो साधा संपादक असतो आणि त्याचं मत तुमच्या मताइतकंच वजनाचं. धुडगूस घालणाऱ्याला अडवताना, किंवा कुणाची कॉपी केलेलं पान वगळताना, तो प्रचालक म्हणून वागत असतो. सोसायटीच्या सेक्रेटरीकडे गच्चीची किल्ली असते, म्हणून गच्ची काही त्याच्या नावावर होत नाही.

इंग्रजी विकिपीडियावर माणसं इतकी आहेत की या दोन टोप्या बहुतेक वेळा दोन वेगळ्या डोक्यांवर असतात. मराठी विकिपीडिया १ मे २००३ रोजी सुरू झाला, पण रोज लिहिणारे आजही थोडे आणि प्रचालक त्याहून थोडे. त्यामुळे जो तुमचं वाक्य दुरुस्त करतो, तोच संदर्भ मागतो, तोच सुरक्षेचं बटण दाबतो आणि तोच चावडीवर, म्हणजे विकीच्या सामाईक चर्चेच्या पानावर, उत्तर देतो. यात दरवेळी त्याचा वाईट हेतू असतो असं नाही. दुसरं कुणी हजरच नसतं. पण नव्या सदस्याला वाटतं, साहेबांनी निकाल दिला.

म्हणून लेखाला जोडलेल्या चर्चा पानावर सरळ विचारा: "हा बदल आपण संपादक म्हणून उलटवला आहे की प्रचालक म्हणून? प्रचालक म्हणून असेल तर कोणत्या धोरणानुसार?" नम्रपणे विचारा, पण विचारा. "संपादक म्हणून" असं उत्तर आलं की बरोबरीने वाद घालायला तुम्ही मोकळे. "प्रचालक म्हणून" असं आलं की धोरणाचं पान समोर येतं आणि ते दोघांनाही वाचता येतं. उत्तरच आलं नाही, तर तुम्ही विचारलं होतं ही नोंद तारीख-वेळेसकट राहते. पुढे दाद मागायची वेळ आली की पहिल्यांदा तीच उपयोगी पडते.

उडवलेलं लिखाण कायमचं गेलं का?

नाही. लेखातून काढलेलं वाक्य 'इतिहास पहा' मध्ये जसंच्या तसं असतं. तिथे दोन ओळी दिसतील: तुमची, पुढे हिरव्या आकड्यात अधिक १,२०४ बाइट, आणि दुसऱ्याची, लाल आकड्यात वजा १,२०४, सोबत 'संदर्भहीन मजकूर' असा सारांश. तुमच्या ओळीतल्या तारखेवर टिचकी मारा, अख्खा मजकूर उघडेल. तिथून उचला, संदर्भ जोडा, पुन्हा मांडा.

पूर्ण पानच वगळलं असेल तर इतिहास फक्त प्रचालकांना दिसतो. पण तोही पुसला गेलेला नसतो. "माझ्या धूळपाटीवर मजकूर परत द्याल का, सुधारून पुन्हा टाकेन" असं मागितलं तर सहसा मिळतो (धूळपाटी म्हणजे कच्चं लिखाण करायचं पान). कॉपीराइटचा भंग असेल किंवा कुणाची बदनामी असेल तर मिळणार नाही.

तलावाबद्दल माझ्या आजोबांनी सांगितलेलं खरं आहे. त्याला 'संदर्भ हवा' कसलं लावता?

ठाण्यात हा प्रश्न हमखास येतो. तलावांचं शहर, जुनी घरं, घराघरात आठवणी. पाचपाखाडीत जन्म काढलेला माणूस लिहितो की तलाव पूर्वी थेट अमुक देवळापर्यंत होता, मग भर टाकून रस्ता झाला. प्रचालक दोन मिनिटांत काढून टाकतो. आजोबांचा अपमान झाला असं वाटतं.

विकिपीडियाची अट अशी की वाचणाऱ्याला ते पडताळता आलं पाहिजे. आजोबांकडे जाऊन चहा पिऊन पडताळणं प्रत्येकाला जमणार नाही. आठवण खोटी आहे असा आरोप त्यात नाही. ती आठवण दिवाळी अंकात किंवा वर्तमानपत्रात लेख म्हणून छापून आणा. मग तो लेख संदर्भ होऊ शकतो, आणि लेखातही 'अमुक यांच्या आठवणीनुसार' असं म्हणून येईल.

त्याआधी जुनी कागदपत्रं चाळा. मुंबई इलाख्याच्या गॅझेटियरचा ठाणे जिल्ह्याचा खंड १८८२ साली निघाला. तो कॉपीराइटमधून मुक्त आहे आणि ऑनलाइन वाचता येतो. ठाण्याचं मराठी ग्रंथसंग्रहालय १८९३ पासून उभं आहे. स्थानिक इतिहासाची जी पुस्तकं नेटवर नाहीत ती अशा ठिकाणी सापडतात. पुस्तक ऑनलाइन नसलं तरी संदर्भ म्हणून चालतं: लेखक, प्रकाशक, वर्ष, पान क्रमांक द्या. "दुवा नाही म्हणून संदर्भ बाद" असं कुणी म्हणालं, मग तो प्रचालक का असेना, तर तो चुकतोय.

महापालिकेच्या संकेतस्थळावरून मजकूर घेतला. सरकारी आहे म्हणजे सगळ्यांचाच की! तरी पान उडवलं.

सरकारी म्हणजे सार्वजनिक, हा समज अमेरिकेच्या केंद्र सरकारच्या बाबतीत बराचसा खरा आहे. आपल्याकडे नाही. १९५७च्या कॉपीराइट कायद्यानुसार सरकारी प्रकाशनांवरही साठ वर्षं हक्क असतो. राजपत्रातला मजकूर वगैरेंना काही सवलती आहेत, पण 'आमच्या शहराविषयी' हे पान त्यात बसत नाही. शिवाय तुम्ही विकिपीडियावर लिहिता तेव्हा कुणीही, अगदी धंद्यासाठीसुद्धा, ते वापरू शकेल अशा परवान्याखाली देता. जे तुमचं नाही ते तुम्ही तसं वाटू शकत नाही.

या बाबतीत प्रचालकाशी वाद घालण्यात अर्थ नाही. वाचा, मिटवा, आपल्या शब्दांत लिहा.

नवी मुंबईच्या विमानतळाचं नाव काय लिहायचं? यावरून आमची जुंपली.

जुंपणारच. हा विषय समजून घेतला तर नावांवरची निम्मी भांडणं कशी हाताळायची ते कळतं, म्हणून जरा सविस्तर.

सिडकोसाठी जमिनी गेलेल्या भूमिपुत्रांचा लढा दि. बा. पाटील यांनी लढवला. १९८४ च्या जानेवारीत जासईच्या आंदोलनात गोळीबार झाला, पाच शेतकऱ्यांचे प्राण गेले. उलवे-पनवेल पट्ट्यात आजही हे घराघरात सांगितलं जातं. २०२१ मध्ये विमानतळाला बाळासाहेब ठाकरे यांचं नाव देण्याचा विचार पुढे आला, तेव्हा २४ जूनला बेलापूरच्या सिडको भवनावर प्रचंड मोर्चा निघाला. २०२२ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने दि. बां.च्या नावाचा ठराव केला. ८ ऑक्टोबर २०२५ रोजी विमानतळाचं उद्घाटन झालं.

आता समजा, एक सदस्य लेखाचं शीर्षक 'लोकनेते दि. बा. पाटील विमानतळ' करतो. दुसरा ते परत 'नवी मुंबई आंतरराष्ट्रीय विमानतळ' करतो. पहिल्याच्या दृष्टीने दुसरा भूमिपुत्रांचा शत्रू. दुसऱ्याच्या दृष्टीने पहिला आंदोलन करायला आलेला. तिसऱ्या फेरीत प्रचालक येतो आणि पानाचं स्थानांतरण, म्हणजे शीर्षक बदलणं, बंद करतो. ज्या शीर्षकावर ते बंद झालं ते ज्याला नको होतं, तो म्हणतो की प्रचालक विकला गेलाय. प्रचालक नेहमी चुकीच्याच आवृत्तीला कुलूप लावतो, हा विकिपीडियावरचा फार जुना विनोद आहे. कुलूप लावताना त्याने कोणतीही बाजू घेतलेली नसते. त्या क्षणी समोर होती ती आवृत्ती गोठली, इतकंच.

कुलूप लागल्यावर करायचं काय? चर्चा पानावर तीन वेगळे प्रश्न वेगळे ठेवा. ठराव कुणी, कधी केला? अंतिम अधिसूचना निघाली का? वर्तमानपत्रं आणि विमान कंपन्या रोजच्या वापरात कोणतं नाव लिहितात? प्रत्येकाला तारखेसकट संदर्भ. शीर्षक एकच असू शकतं, पण दुसऱ्या नावाने शोधणारा पुनर्निर्देशनाने त्याच पानावर येतो. पहिल्या परिच्छेदात दोन्ही नावं येऊ शकतात, आणि नामकरणाचा वाद हा स्वतंत्र विभाग व्हायलाच हवा, कारण तोही इतिहासच आहे. इतकं झाल्यावर शीर्षकाचा हट्ट बराच सैल पडतो. अधिसूचना निघाली की पान हलवायला कुणाची ना राहत नाही. छत्रपती संभाजीनगर आणि धाराशिवच्या वेळी तरी दुसरं काय झालं?

आपल्याला वाटतं ते नाव योग्यच असेल. पण "हेच नाव हवं" आणि "हे नाव आहे" यांत फरक आहे, आणि ज्ञानकोशाला फक्त दुसऱ्याशी कर्तव्य.

तो उलटवतो, मी परत टाकतो. किती वेळा चालेल?

एकदाच. तुम्ही टाकलं, त्याने उलटवलं, आता चर्चा. इंग्रजी विकिपीडियावर चोवीस तासांत एका पानावर तीनपेक्षा जास्त वेळा उलटवलं तर अडवलं जातं. हा नियम म्हणजे रोज तीनदा उलटवायचा परवाना, असा अर्थ काहीजण काढतात. तसा तो नाही. तुमची बाजू बरोबर असली तरी संपादन युद्धात तुम्ही अडकता, कारण प्रचालकाला तिथे मजकूर बघायचा नसतो, वर्तन बघायचं असतं. त्याच्यासाठी हे सगळ्यात सोपं काम. उगाच त्याला ते देऊ नका.

ठाण्याहून वाशीला लोकलमध्ये मोबाईलवर संपादन करत होतो. आयुष्यात कधी भांडलो नाही, तरी 'तुम्हाला अडवण्यात आले आहे' असं आलं!

तुम्हाला नाही अडवलेलं. मोबाईल कंपन्या एकच आयपी पत्ता शेकडो ग्राहकांना एकाच वेळी वाटतात, आणि ऐरोलीला तुमच्याकडे असलेला पत्ता घणसोलीला दुसऱ्याकडे गेलेला असतो. पत्त्यांच्या त्याच पट्ट्यातून कुणी तरी धुडगूस घातला, प्रचालकाने अख्खा पट्टा बंद केला, तुम्ही त्यात सापडलात. संदेश नीट वाचा: तुमच्या सदस्यनावाऐवजी आकड्यांचा पत्ता दिसत असेल तर हेच कारण.

घरच्या वायफायवरून खातं काढा आणि त्या खात्यात शिरून लिहा. पट्ट्यावरची बंदी पुष्कळदा फक्त खातं नसलेल्यांसाठी असते. खात्यावरूनही अडत असेल तर संदेशात दिलेला क्रमांक आणि प्रचालकाचं नाव देऊन सूट मागा. 'स्वयंचलित अडवणूक' असं लिहिलं असेल तर ती सहसा चोवीस तासांत आपोआप सुटते. चहा घ्या.

अनोंदणीकृत संपादकांचे आयपी पत्ते आता बऱ्याच विकींवर उघड दिसत नाहीत, त्याजागी तात्पुरतं खातं तयार होतं. गोपनीयतेसाठी ते चांगलंच झालं. पण पट्टा बंद झाला तर तुम्ही तेव्हाही सापडालच.

कॉलेजात कार्यशाळा घेतली. सहा मुलांची खाती झाली, सातव्याचं होईना. प्रचालकांनी मुद्दाम केलं का?

एका आयपीवरून दिवसाला सहाच खाती काढता येतात. ही मर्यादा यंत्रातच आहे. कार्यशाळेआधी काही दिवस कॉलेजचा पत्ता देऊन सूट मागून ठेवा, किंवा मुलांना आदल्या रात्री घरूनच खातं काढून यायला सांगा. दुसरा उपाय आम्हाला जास्त आवडतो, कारण त्याला कुणाची परवानगी लागत नाही.

आणि हो, वीस मुलं एकाच खोलीतून एकाच लेखावर 'छान, ठेवा' असं लिहू लागली की प्रचालकाला एकच माणूस वीस खाती चालवतोय असा संशय येणारच. कार्यशाळेची सूचना आधी चावडीवर टाका.

मला अडवलं. दाद कुठे मागू?

आपल्याच सदस्य चर्चा पानावर. अडवलेल्यालाही ते पान बहुधा खुलं असतं. दाद मागताना लोक पहिल्या वाक्यात प्रचालकाचा उद्धार करतात, दुसऱ्यात आपली पात्रता सांगतात ("मी तीस वर्षं शिक्षक आहे") आणि काय चुकलं किंवा काय चुकलं नाही हे सांगायचं राहूनच जातं. उलट करा. कोणतं संपादन, कोणत्या कारणासाठी अडवलं, ते कारण का लागू नाही किंवा इथून पुढे काय कराल, एवढंच. पाच ओळी पुष्कळ झाल्या.

दुसऱ्या प्रचालकाने ती बघावी अशी अपेक्षा असते. लहान विकीवर तो दुसरा चार दिवस दिसतच नाही, हेही खरं. तेवढी वाट बघणं भाग आहे.

पण ज्याच्याशी माझा वाद चालू होता, त्यानेच मला अडवलं. हे कसं काय चालतं?

चालायला नको. स्वतः ज्या वादात आहोत तिथे प्रचालकाने आपली बटणं वापरू नयेत, हा सर्वत्र मानला जाणारा संकेत आहे. उघड शिवीगाळ किंवा पानं कोरी करणं असेल तर अपवाद. तुमच्या बाबतीत तसं नसेल तर तक्रारीत दोनच दुवे द्या: एक, त्याने त्या लेखात संपादक म्हणून केलेला बदल, दुसरा, अडवल्याची नोंद. दोन्हींच्या वेळा शेजारी शेजारी ठेवा. विशेषणं लावू नका. ज्या माणसाला या वादातलं काहीच माहीत नाही, त्यालाही दहा सेकंदांत कळलं पाहिजे.

वर सांगितलेला दोन टोप्यांचा प्रश्न तुम्ही आधी चर्चा पानावर विचारून ठेवला असेल, तर तिसरा दुवा तोच. अशा तक्रारींचं आम्ही पाहिलंय ते एवढंच: पानभर लिहिलेली तक्रार कुणी वाचत नाही, दोन-तीन दुव्यांची तक्रार टाळता येत नाही.

खातं अडवलंय, दुसरं काढून लिहू का?

नको. एकाहून जास्त खाती ठेवणं मुळात गुन्हा नाही, पण बंदी चुकवायला काढलेलं खातं सापडलं की पहिली बंदी योग्यच होती असं सगळ्यांचं मत होतं. सदस्य तपासनीसांना, म्हणजे खाती पडताळण्याचा खास अधिकार दिलेल्या सदस्यांना, खात्यामागचा तांत्रिक तपशील सुमारे नव्वद दिवस दिसू शकतो. स्थानिक तपासनीस नसतात तिथे हे काम स्टुअर्ड करतात. शिवाय तुमची लिहायची ढब. तीच ऱ्हस्व-दीर्घाची सवय, तोच 'सदरहू'. कुणाला तपासायचीही गरज पडत नाही.

सगळे प्रचालक आपसात मिळालेले असतील तर?

असं होऊ शकतं, आणि झालेलं आहे. क्रोएशियन विकिपीडियावर प्रचालकांच्या एका टोळक्याने साधारण दशकभर ताबा ठेवला. दुसऱ्या महायुद्धातल्या उस्ताशा राजवटीचे अत्याचार सौम्य करून मांडले गेले, आक्षेप घेणारे संपादक अडवले गेले. शेवटी इतर विकींवरच्या लोकांनी विषय लावून धरला, प्रमुख सूत्रधारावर सर्व विकींवर बंदी आली आणि २०२१ मध्ये फाउंडेशनने त्याचा अहवाल प्रसिद्ध केला. लहान भाषेचा विकी थोड्या हातांत गेला की काय होतं, हे त्यात सविस्तर आहे. मराठी वाचकांनी तो वाचावा असं आम्हाला वाटतं.

पण इथे एक अडचण. "सगळे मिळालेले आहेत" असं वाटणाऱ्या दहांपैकी बहुतेकांना खरं तर तीन वेगवेगळ्या माणसांनी एकच गोष्ट सांगितलेली असते. खरोखरच संगनमत असेल तर ते एका तुमच्या वादात दिसत नाही; अनेक लेखांत, अनेक संपादकांच्या बाबतीत, वर्षानुवर्षं दिसतं. तसं दिसत असेल तर मेटा विकीवर, म्हणजे सगळ्या विकींच्या सामाईक कामकाजाच्या विकीवर, चर्चेची विनंती मांडता येते. तिथे इतर भाषांचे लोक वाचतात, म्हणून मूळ मराठी संपादनांचे दुवे आणि त्यांचा प्रामाणिक सारांश हवा.

प्रचालकपद काढून घेता येतं का?

येतं. सदस्यांनी कौल घेऊन ठरवलं की स्टुअर्ड अधिकार काढतात. तातडीच्या प्रसंगी, म्हणजे खातं चोरीला गेलं किंवा कुणी पानं धडाधड वगळू लागलं, तर कौलाविनाही. आणि ज्या विकींचा स्वतःचा नियम नाही, तिथे दोन वर्षं एकही संपादन वा नोंद नसलेल्यांचा आढावा घेतला जातो. मोठ्या विकींवर लवाद समिती असते. इंग्रजीवर ती २००४ पासून काम करते आहे. मराठीवर नाही, त्यामुळे 'लवादाकडे जातो' ही धमकी इथे फुसकी आहे.

थेट फाउंडेशनलाच लिहिलं तर?

छळ, धमकी, खाजगी माहिती उघड करणं असं असेल तर जरूर. २०२१ पासून सर्व विकींना लागू असलेली वैश्विक आचारसंहिता आहे आणि तिच्यासाठी समन्वय समितीही निवडली जाते. पण "माझं वाक्य काढलं" यासाठी लिहिलंत तर "स्थानिक समाजाशी बोला" असंच उत्तर येईल.

फाउंडेशन वरून हात घालते तेव्हा संपादकांना ते किती झोंबतं, हे २०१९ च्या जूनमध्ये दिसलं. इंग्रजी विकिपीडियाच्या एका जुन्या प्रचालकावर तिने परस्पर वर्षभराची बंदी घातली, कारणं जाहीर केली नाहीत. अनेक प्रचालकांनी निषेध म्हणून पद सोडलं. प्रकरण लवाद समितीकडे आलं, सप्टेंबरमध्ये बंदी उठली, प्रचालकपद मात्र परत मिळालं नाही. दोन्ही बाजूंना हवं ते मिळालं नाही, आणि आमच्या मते तो निर्णय त्यामुळेच बरा होता.

पोलिसात किंवा कोर्टात जाता येईल का?

जाता येईल, तो तुमचा हक्क. फेब्रुवारी २०२५ मध्ये छत्रपती संभाजी महाराजांवरच्या इंग्रजी लेखातल्या मजकुरावरून महाराष्ट्र सायबर विभागाने फाउंडेशनला नोटीस पाठवली आणि काही संपादकांवर गुन्हाही नोंदवला. त्याआधी २०२४ मध्ये एएनआय या वृत्तसंस्थेने दिल्ली उच्च न्यायालयात बदनामीचा दावा लावला. त्या खटल्यावरचंच पान काढून टाकण्याचा आदेश झाला होता, तो सर्वोच्च न्यायालयाने मे २०२५ मध्ये रद्द केला.

या दोन्हींत काय बरोबर, काय चूक, यावर आमच्यातच एकमत नाही. संपादकाने लक्षात ठेवायचं ते वेगळं: चर्चा पानावर "तुम्हाला कोर्टात खेचतो" असं लिहू नका. कायद्याची धमकी दिली की बहुतेक विकींवर ती मागे घेईपर्यंत अडवतात. कोर्टात जायचंच असेल तर जा, वकिलाशी बोला. एका बाजूने खटला आणि दुसऱ्या बाजूने त्याच लेखाचं संपादन, असं चालत नाही.

आमच्या प्रभागातल्या नगरसेवकांचं पान केलं, लगेच वगळायला लावलं. राजकारण आहे!

निवडणूक जवळ आली की ही पानं आपोआप उगवतात. 'कार्यसम्राट', 'विकासपुरुष', खाली दहीहंडीचे फोटो. आमदार-खासदारांवर लेख सहसा टिकतो. नगरसेवक केवळ नगरसेवक आहे म्हणून टिकत नाही. त्यांच्याविषयी स्वतंत्र, सविस्तर लिहिलं गेलेलं असलं पाहिजे. त्यांच्याच कार्यालयातून गेलेली प्रसिद्धिपत्रकं छापून आली असतील तर ती यात धरत नाहीत.

आणि कार्यालयाने पैसे दिले असतील तर २०१४ पासून वापराच्या अटींतच आहे: कोण पैसे देतंय ते जाहीर करा. घोडबंदर रोडवरच्या नव्या टॉवरची जाहिरात लेख म्हणून टाकणाऱ्यांनाही हेच. याबाबत प्रचालक जितके कडक वागतील तितकं आम्हाला कमीच वाटतं.

मी आगरी बोलीत लिहिलं तर 'अशुद्ध' म्हणून बदललं.

लेखाची मांडणी प्रमाण मराठीत असते. पण उद्धृत केलेलं गाणं, म्हण, माशांची नावं, सणांची नावं आगरीतच राहायला हवीत, आणि तिथे कुणी 'शुद्ध' करायला आलं तर चर्चा पानावर ठाम उभे राहा. संपूर्ण आगरीत ज्ञानकोश हवा असेल तर त्यासाठी विकिमीडियाचा इनक्यूबेटर आहे, म्हणजे नव्या भाषांचे विकी जिथे आधी वाढवतात ती जागा. कोकणी विकिपीडिया २०१५ मध्ये तिथूनच बाहेर पडला.

ऱ्हस्व-दीर्घावरून होणारी भांडणं आम्ही इथे घेत नाही. आयुष्य लहान आहे.

चर्चा पानावर नेमकं कसं लिहू?

असं लिहू नका: "तुम्हाला ठाण्याची काही माहिती नाही. मी इथेच जन्मलो. ताबडतोब परत टाका."

असं लिहा: "नमस्कार. १४ तारखेला आपण 'तलावाचा विस्तार' हा परिच्छेद काढलात, सारांश 'संदर्भ नाही' असा होता. आता दोन संदर्भ मिळाले आहेत, खाली देतो. पहिल्यातून फक्त दुसरं वाक्य सिद्ध होतं, पहिलं वाक्य मी सोडून देतो. आठवड्यात हरकत आली नाही तर एवढंच परत घालेन."

दुसऱ्यात काय काय आहे बघा: तारीख, नेमका भाग, त्याचं कारण त्याच्याच शब्दांत, नवा पुरावा, स्वतःहून सोडलेली एक गोष्ट आणि मुदत. ही सोडलेली गोष्ट महत्त्वाची. समोरच्यालाही नमतं घ्यायला मग जड जात नाही. सही करायला विसरू नका, चार वेळा तरंगचिन्ह (~~~~). सही नसली की तीन जण मिळून एकच माणूस बोलतोय असं वाटतं.

प्रचालक तरी का चिडतात एवढे?

एकदा 'अलीकडील बदल' उघडून रविवारी दुपारी तासभर बसा. कुणी 'मी संतोष आहे' लिहून जातो, कुणी अख्खा लेख इंग्रजीतून यंत्राने भाषांतर करून ओततो, कुणी आवडत्या नटाचं वय कमी करतो. मग तुमचं प्रामाणिक पण संदर्भहीन संपादन येतं. तोपर्यंत त्याचं बोट द्रुतमाघारीवर, म्हणजे एका टिचकीत उलटवायच्या बटणावर, गेलेलं असतं. हे समर्थन नाही. नव्या माणसाला दोन ओळींचा खुलासा मिळायलाच हवा, आणि तो न देणारे प्रचालक आम्हीही सुनावले आहेत. पण रोज ही झाडलोट करणारे फार थोडे आहेत.

मग मीच प्रचालक झालो तर?

आनंद आहे. आधी काही महिने वादात नसलेली कामं करा: वर्ग लावणं, मोडके दुवे, धुडगूस उलटवणं. भांडणात जिंकायला म्हणून प्रचालकपद मागितलं की कौलाच्या पानावर ते पहिल्याच ओळीत ओळखू येतं.

वाद मिटला. चर्चा पानावरची माझी जुनी भांडणं आता पुसता येतील का?

लोकांनी उत्तरं दिलेली असतील तर पुसू नका, त्यांची उत्तरं अर्धवट लोंबकळतात. आपल्या वाक्यावर रेघ मारून खाली तारीख टाकता येते. पान फार लांब झालं की जुनी चर्चा वेगळ्या पानात हलवतात. खरोखर लपवायची सोय फक्त फोन नंबर, घरचा पत्ता, गंभीर बदनामी अशा मजकुरासाठी आहे. कुणी तुमचा नंबर टाकला असेल तर चावडीवर ओरडू नका, त्याने तो आणखी शंभर जणांना दिसेल. प्रचालकाला किंवा स्टुअर्डला खाजगी ईमेल करा, आणि त्यात नंबर न लिहिता फक्त त्या संपादनाचा दुवा द्या.